नोंद झाली, वर्दी पोचली नाही

पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला संकटाची पूर्वसूचना २०२७ अखेर मिळावी, असा संकल्प संयुक्त राष्ट्रसंघाने २०२२ साली सोडला. संकल्प स्तुत्य खरा. परंतु हवामानाची नोंद ठेवणे आणि ती धोक्यातील माणसाच्या कानी घालणे ही दोन निराळी कामे आहेत. उत्तर समुद्रावरील १९५३ चे हिवाळी वादळ हा याचा बोलका दाखला होय.

३१ जानेवारीस स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर वाऱ्याचा झोत ताशी सुमारे २०० किलोमीटर नोंदला गेला. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटिमीटर चढतो. पण खरे अरिष्ट ओढवले ते वायव्येकडील वाऱ्याने. दक्षिणेकडे अरुंद व उथळ होत जाणाऱ्या या समुद्रात त्याने पाणी रेटत नेले, त्यातच उधाणाची भरती आली. लिंकनशायरचा किनारा सायंकाळी सातच्या सुमारास बुडाला. टेम्सच्या मुखाजवळचे कॅन्व्ही बेट मध्यरात्रीनंतर. मधल्या पाच-सहा तासांत उत्तरेची वार्ता दक्षिणेस कळविण्याचे काम कोणाचे, हेच ठरलेले नव्हते! हॉलंडमध्ये हवामानखात्याने सायंकाळी इशारा दिला, परंतु तो मोजक्या नोंदणीदारांनाच जाई. आणि नभोवाणी मध्यरात्री नित्याप्रमाणे बंद झाली. शनिवारची रात्र होती ती. हॉलंडात १८३६ आणि इंग्लंडात ३०७ माणसे दगावली.

बांध किती उंच बांधावा, हा प्रश्न पुढे डच गणितज्ञ व्हान दान्त्सिख यांनी १९५६ साली बांधणीचा खर्च आणि संभाव्य हानी यांची तुलना करून मांडला. वर्दीचा हिशेब मात्र अवघड. टळलेली हानी कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. ५ डिसेंबर २०१३ रोजी इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाणी अनेक ठिकाणी १९५३ हूनही वर चढले. हजारो लोकांना अगोदरच हलविण्यात आले होते, आणि जीवितहानी नगण्य ठरली. बांधांचे व टेम्सवरील अडसराचे श्रेय त्यात आहेच. पण लोकांना घराबाहेर काढले ते आगाऊ वर्दीने.

अशा यंत्रणेवर काटकसरीची कुऱ्हाड प्रथम पडावी, हे अर्थशास्त्र नव्हे. वादळांचा मारा सोसणाऱ्या अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोत्झेब्यू येथून हवामानाचे फुगे सोडणे अमेरिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविले. कारण दिले गेले, पुरेसे कर्मचारी नाहीत.