एक सरळ भोक

मराठीच्या प्राध्यापकाने भोके पाडण्याच्या यंत्रावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. 'किर्लोस्कर' मासिक १९२० साली निघाले ते एका कारखान्यातून, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव त्याआधी मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते, हे मी वर्गात दरवर्षी मोठ्या ऐटीत सांगतो. पण कानस विकत आणली की तिला मूठ वेगळी बसवावी लागते, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर कळले.

आमचे अप्पा माझगावच्या एका वर्कशॉपात फिटर होते. निवृत्त झाल्यावर ते डोलवीच्या घरी आले आणि मागच्या पडवीत त्यांनी आपला संसार मांडला : एक व्हाइस, चार कानशी, हॅकसॉ आणि हातात धरायचे एक विजेचे ड्रिल. गावालगत पोलादाचा केवढा तरी कारखाना आहे. पूर्वी तो 'इस्पात'चा होता, २०१० साली जिंदालांकडे गेला. वर्षाला कोटभर टन पोलाद काढण्याची आज त्याची ताकद आहे. पण कुणाच्या बिजागरीला एक भोक हवे असले, तर कोटभर टनांचा काय उपयोग? तो माणूस आमच्या पडवीत येई.

दोन वर्षांपूर्वी अप्पांचा उजवा हात थरथरू लागला. भोके तिरकी जाऊ लागली. एकदा त्यांनी बिघडलेली पट्टी हळूच भंगाराच्या डब्यात टाकलेली मी पाहिली. त्याच संध्याकाळी गेटाची कडी घेऊन आलेल्या गृहस्थांना त्यांनी "आता होत नाही" म्हणून परत पाठवले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकले नव्हते.

टेबलावर बसवायच्या ड्रिल मशीनमध्ये चक खांबाला धरून फक्त वर-खाली जातो. माणसाने दांडा ओढायचा, एवढेच. हात कापला तरी भोक सरळ! हे कळल्यावर मी अप्पांना न विचारता एक छोटेखानी, हलके, देखणे यंत्र घेऊन आलो. दुकानदाराने सांगितले, "साहेब, तेरा मिलिमीटरपर्यंत जाते." जाते खरे, पण कसे, ते मी विचारले नाही.

पहिल्याच दिवशी अप्पांनी लोखंडी पट्टीत बारा मिलिमीटरचे ड्रिल लावले. टोक निळे पडले, धूर निघाला. यंत्राचा सर्वांत कमी वेग मिनिटाला १२०० फेरे होता. साध्या ड्रिलला साध्या लोखंडात १० मिलिमीटरच्या भोकासाठी सुमारे ८०० फेरे पुरतात, बारासाठी त्याहून कमी. उलट तीन मिलिमीटरच्या बारीक भोकाला अडीच हजारांवर चालतात. ड्रिल जाड, तर वेग मंद. आणि मी पाहिला होता तो डब्यावरचा सर्वांत मोठा आकडा!

त्यातच माझी शहामत. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी मी हातानेच धरली. आरपार निघता निघता ड्रिलने तिला पकडले आणि पट्टी गरकन फिरून माझ्या तळहाताला तीन टाके देऊन गेली. हा दोष यंत्राचा नव्हे, माझा. पट्टी व्हाइसमध्ये धरायला हवी होती.

मग अप्पा म्हणाले, "मास्तर, आता मी येतो."

पनवेलहून लोकलने मशीद बंदर आणि तिथून पायी नागदेवी स्ट्रीट. अप्पांच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि सायकलच्या स्पोकचा एक वाकवलेला तुकडा. दुकानदार आकडे सांगत होता; अप्पांचे तिकडे लक्षच नव्हते. त्यांनी दांडा ओढून चक पार खाली आणला आणि दोन बोटांनी आडवा हलवून पाहिला. डगडगले की पुढचे यंत्र. मग स्पोक चकात अडकवला, त्याचे टोक टेबलाला जेमतेम टेकवले आणि चक हाताने सावकाश फिरवला. पुढे, उजवीकडे, मागे, डावीकडे टोक सारखेच टेकले, तर टेबल काटकोनात. दुकानदाराने इतका वेळ न मागवलेला चहा त्यानंतर मागवला.

"अप्पा, हे तर केवढे जड आहे," मी म्हणालो. "तुम्हाला लहान हवे ना?"

"लहान म्हणजे जागा कमी खाणारे. वजनात कशाला लहान? हलके मशीन भोक पाडताना स्वतःच नाचते."

शेवटी घेतले ते अर्ध्या अश्वशक्तीचे, घरच्या विजेवर चालणारे, बिडाच्या बैठकीचे. पट्टा पुलीवर बदलला की वेग पाचशेच्या घरात उतरतो. खांबापासून चकाच्या मध्यापर्यंत अंतर बेताचेच, त्यामुळे रुंद पत्र्याच्या मधोमध भोक पाडता येत नाही. अप्पा म्हणाले, पडवीत कोण रुंद पत्रे आणतो? बंद करण्याचे बटण पुढे, डाव्या हाताला येईल असे. ते त्यांनी तीनदा दाबून पाहिले, कशासाठी ते मी विचारले नाही. पहिल्या खरेदीच्या दुप्पट पैसे गेले. सौ.ने घरात नवा सोफा येण्याची वाट अजून एक वर्ष पाहायची ठरवली आहे, असे ती सर्वांना सांगते.

यंत्र बाकाला बोल्टांनी आवळले आहे, नाहीतर डोईजड असल्याने ते कलंडते. धरमतरच्या खाडीवरचा खारा वारा लोखंड सोडत नाही, म्हणून रोज संध्याकाळी तेलाचा बोळा फिरवण्याचे काम माझ्याकडे आहे. खंडेनवमीला झेंडूची माळ पडली तेव्हा यंत्राच्या दांड्यावर हळदीकुंकू आणि चकाला मात्र काही नाही; तिथे चिकटले तर ड्रिल नीट बसत नाही म्हणे!

परवा आकाशकंदिलाच्या पट्टीसाठी आमची मुलगी पुढे सरसावली. अप्पांनी आधी तिची ओढणी काढायला लावली, वेणी वर बांधायला लावली, सेंटर पंचाने खूण करवली आणि मगच दांडा तिच्या हाती दिला. कीस लांबलचक वेटोळ्यांनी वर आला. तेवढ्यात दारात गेटाची कडी घेऊन तेच गृहस्थ उभे.

"अप्पा आहेत का?"

अप्पांनी आतूनच विचारले, "किती मिलिमीटरचे?"