समजा म्हणजे काय समजा?

अकरावीच्या वर्गात दरवर्षी एक फसवणूक होते. ती मी स्वतः तीस वर्षं केली, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायचा मला अधिकार आहे. फळ्यावर लिहायचं : क्ष² + १ = ०. मग मुलांकडे वळून विचारायचं, "वर्ग केल्यावर ऋण येईल अशी संख्या आहे का?" मुलं इमानदारीत "नाही" म्हणतात, कारण इतकी वर्षं आपणच तसं पढवलेलं असतं. मग खडू पुन्हा उचलायचा आणि लिहायचं : समजा, आय ही अशी संख्या आहे की जिचा वर्ग −१ आहे. झाली संमिश्र संख्यांची ओळख! पाच मिनिटांत बेरीज-वजाबाकी, दहाव्या मिनिटाला गुणाकार, आणि घंटा व्हायच्या आत आयचा २०२३वा घात.

एका वर्षी पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "सर, असं नुसतं ‘समजा’ म्हणून चालत असेल, तर शून्याने भागलेलं चालतं असंही समजूया ना?" प्रश्न शंभर नंबरी होता. मी म्हणालो, "ते सिलॅबसमध्ये नाही." वर्ग हसला, ती खाली बसली आणि नंतर वर्षभर तिने तोंड उघडलं नाही. बारावीला तिला गणितात उत्तम मार्क पडले, हे सांगताना मला आज लाज वाटते.

तिचं उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. शून्याने गुणल्यावर एक येईल अशी संख्या घुसवली, तर बेरीज-गुणाकाराचे नियमच कोसळतात. आय आणला तर त्यातला एकही नियम मोडत नाही, फक्त लहान-मोठेपणाची रांग सोडून द्यावी लागते. पण मला ते त्या दिवशी सुचलं नाही, कारण मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

मुळात हे वर्गसमीकरणाचं सोंगच खोटं आहे. क्ष² + १ = ० ला उत्तर नाही म्हटल्यावर जगात कुणाचंही काही अडलं नव्हतं. आपल्या भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास बीजगणितात स्वच्छ लिहून ठेवलं की ऋण संख्या हा वर्ग नव्हे, म्हणून तिला वर्गमूळ नाही. विषय संपला. हा प्रामाणिकपणा आमच्या पाठ्यपुस्तकांत नाही. तिथे एका पानावर मूळ नसतं आणि पुढच्या पानावर ते मिळतं, मध्ये फक्त एक ‘समजा’.

अडलं ते घन समीकरणापाशी, सोळाव्या शतकातल्या इटलीत. कार्दानोने १५४५ साली ‘आर्स माग्ना’त घन समीकरण सोडवायचं सूत्र छापलं. ते क्ष³ = १५क्ष + ४ ला लावा. उत्तर तर शेंबडं पोरही ताडून पाहील : ४. चारचा घन ६४, आणि पंधरा चोक साठ अधिक चार, तेही ६४. पण सूत्र काय ओकतं? (२ + √−१२१) चं घनमूळ अधिक (२ − √−१२१) चं घनमूळ. म्हणजे उत्तर घरात बसलंय आणि दारावर ऋणाचं वर्गमूळ पहारा देतंय! इथे ‘उत्तर नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण उत्तर डोळ्यांसमोर आहे.

राफाएल बोंबेल्लीने १५७२ साली धीर केला. √−१ ला नेहमीच्या संख्येसारखं वागवलं तर काय होतं, हे त्याने करून पाहिलं. तुम्हीही वहीत करा. (२ + आय) चा घन : ८ + १२ आय − ६ − आय, म्हणजे २ + ११ आय. आणि ११ आय म्हणजेच √−१२१. तेव्हा पहिलं घनमूळ २ + आय, दुसरं २ − आय. बेरीज केली की आय आयला खाऊन टाकतो आणि उरतात ४. हे पाहून अंगावर काटा येत नसेल, तर माणसाने कॉमर्सला जावं. (कॉमर्सवाल्यांनी रागावू नये, त्यांना निदान व्याज कशावर चढतं ते ठाऊक असतं.)

ही ओळख. अडचण आधी, संख्या नंतर. आम्ही मात्र अडचण गिळून टाकतो आणि मुलांच्या हातावर संख्या ठेवतो, प्रसादासारखी. चव विचारायची नाही.

त्यात नावाची भर. ‘काल्पनिक’ हे विशेषण देकार्तने १६३७ साली वापरलं, तेही कौतुकाने नव्हे. आपण ते आज्ञाधारकपणे मराठीत आणलं. खरं तर नावं ठेवण्यात आपण असे दरिद्री नव्हतो. युरोपातले पंडित शून्याहून लहान संख्येला बिचकत होते, त्याच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात, ब्रह्मगुप्ताने तिला ऋण म्हटलं होतं. ऋण म्हणजे कर्ज. वाण्याच्या वहीतला शब्द, तो समजायला ‘समजा’ लागत नाही. ‘काल्पनिक’ म्हटलं की मुलगा पहिल्याच दिवशी ठरवतो की हे सगळं थोतांड आहे, मार्कांपुरतं पाठ करू. त्याचं काय चुकलं?

मग ही संख्या आहे तरी काय, असं विचाराल तर कवायतीच्या मैदानावर चला. १५ ऑगस्टच्या परेडला उभं राहिलेल्या कुठल्याही पोराला ती येते. "बाएँ मुड!" डावीकडे काटकोनात वळलात. पुन्हा "बाएँ मुड!" आता तोंड कुठे? मागे. ‘पीछे मुड’ने जिथे झालं असतं, तिथेच. −१ ने गुणणं म्हणजे पीछे मुड : ५ होते शून्याच्या उजवीकडे, पाठ फिरवून −५ वर गेले. तर कोणती कृती दोनदा केली की पीछे मुड होतं? बाएँ मुड. तोच आय. आणि दाहिने मुड दोनदा केलं तरी पीछे मुडच होतं, तो −आय. ऋण एकाची वर्गमुळं दोन का, तेही इथेच निपटलं.

खात्री हवी असेल तर आलेखवही घ्या. (३, २) हा बिंदू म्हणजे ३ + २ आय. आयने गुणा : −२ + ३ आय. (−२, ३) मांडा, दोन्ही बिंदू शून्याशी जोडा, कोनमापक लावा. नव्वद अंश. हे चित्र सर्वांत आधी कुणी मांडलं? कास्पर वेसल नावाच्या सर्वेक्षकाने, डॅनिश अकादमीपुढे, १७९७ साली. नकाशे करणारा माणूस. त्याला अंतर आणि दिशा एकत्र बांधायची गरज होती. लेख डॅनिशमध्ये असल्याने जवळजवळ शंभर वर्षं कुणी फारसा पाहिला नाही, आणि आकृतीला नाव मिळालं ते १८०६ साली तीच गोष्ट मांडणाऱ्या आर्गांचं.

आमच्याकडे आर्गांची आकृती शिकवतात, पण शेवटी. तोवर मुलं ‘घाताला चाराने भागा, बाकी पाहा’ पाठ करून बसलेली असतात. २०२३ ला चाराने भागलं, बाकी ३, उत्तर −आय. तीन सेकंदांत. चारानेच का भागायचं? चार वेळा बाएँ मुड केलं की माणूस होता तसा उभा राहतो म्हणून. तीनदा डावीकडे म्हणजे एकदा उजवीकडे म्हणून. हे मी शेकडो मुलांना विचारून पाहिलंय. क्लासची ट्रिक सगळ्यांना येत होती, कारण एखाद्यालाच. सीईटी या प्रवेशपरीक्षेत गणिताचे दीड तासात ५० प्रश्न असतात, कारणं सांगायला वेळ नसतो, हा आमचा ठरलेला बचाव. वळायला सांगायला दोन मिनिटं लागतात. त्या ट्रिकचा सराव आम्ही आठवडाभर घेतो.

मागे माझा एक जुना विद्यार्थी भेटला. भोसरीत कारखाना, उच्चदाबाची जोडणी. त्याने वीजबिल माझ्यापुढे ठेवलं आणि किलोवॉट व केव्हीएचे आकडे दाखवले. मोटरच्या गुंडाळीमुळे प्रवाह दाबाच्या मागे रेंगाळतो. विजेचा एक भाग काम करतो, दुसरा त्याच्याशी काटकोनात, नुसता येतो-जातो. समजा (हे ‘समजा’ मात्र चालेल) ८० कामाचे (ते किलोवॉट) आणि ६० काटकोनातले, तर हिशेब १०० चा (ते केव्हीए), पायथागोरसप्रमाणे. ते ६० म्हणजे आमचा काल्पनिक भाग. "सर, तुम्ही काल्पनिक म्हणायचा ना? मी दर महिन्याला त्याचे पैसे भरत होतो."

मग त्याने कपॅसिटर बसवले. ६० चे २० झाले तर १०० चा आकडा साधारण साडेब्याऐंशीवर येतो. कपॅसिटरचा प्रवाह गुंडाळीच्या उलट बाजूला काटकोनात वळलेला असतो, म्हणून दोघं एकमेकांना मारतात. हे त्याला वायरमनने सांगितलं.