पुसद किती अक्षरी?

जॉश वॉर्डल नावाच्या गृहस्थाने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपला शब्दांचा खेळ सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मध्ये तो 'न्यूयॉर्क टाइम्स'ने विकत घेतला. तोच तो 'वर्डल'. पुण्याची माझी नात शाळेत जाण्याआधी तो सोडवते आणि मी इकडे पुसदला चहा होता होता सोडवते. जगभर सगळ्यांना त्या दिवशी एकच शब्द असतो, त्यामुळे आजी-नातीची स्पर्धा लागते. बहुतेक वेळा तीच जिंकते.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा, संधी सहा. अक्षर बरोबर जागी पडले तर चौकट हिरवी होते, अक्षर आहे पण जागा चुकली तर पिवळी, आणि नसलेच तर करडी.

आम्ही मराठी माध्यमाची माणसे स्पेलिंग घोकून मोठी झालो. शब्द दिला की स्पेलिंग सांगायचे, एवढेच माहीत. इथे सगळे उलटे, अक्षरांवरून शब्दाकडे जायचे. गंमत अशी की घोकलेले इथे नडते! शेवटची चार अक्षरे आय-जी-एच-टी अशी हिरवी झाली की मी पूर्वी हरखून जायचे. पण मोजा बरे: लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, फाइट, टाइट, शिवाय ई लावून होणारा आठाचा एट. आठ शब्द झाले आणि संधी मुळात सहा. एकेक करून बघत बसलात तर गेलात. अशा वेळी मुद्दाम 'फॉर्म्स' टाकावा, म्हणजे एफ, आर, एम, एस या चौघांचा निकाल एका फटक्यात लागतो. ही युक्ती नातीचीच. (अक्षरे भरली की शब्दांची यादी काढून देणारी यंत्रे आता मिळतात. ती मला आवडत नाहीत. गाईड बघून गणित सोडवण्यातलाच तो प्रकार.)

तर मुद्दा असा. मी तिला म्हटले, आपण मराठीत खेळू या. ती म्हणाली, "आजी, मराठीत नाही जमणार. मराठी शब्द किती अक्षरी ते मोजताच येत नाही." अगदी सहज म्हणाली. पण हे वाक्य माझ्या मनातून जाईना. पोरगी इंग्रजी शाळेत शिकते याचे मला दुःख नाही, पण आपल्या भाषेला मापच नाही असे तिला वाटावे?

तिचा गोंधळ आला कुठून, ते मी शोधले. तिने संगणकाला मोजायला लावले होते. संगणक प, उकार, स आणि द असे सुटे मोजतो, म्हणजे 'पुसद'चे झाले चार. 'दारव्हा'चे तर तो सात करतो, कारण काना वेगळा आणि व चा पाय मोडला तर तोही वेगळा! व्याकरणाच्या तासाला वर्णविग्रह केला तर पुसदचे सहा वर्ण होतात: प्, उ, स्, अ, द्, अ. तिन्ही मोजण्या आपापल्या जागी ठीक आहेत. पण मराठी माणसाच्या कानाला पुसद तीन अक्षरीच.

आणि ही मोजणी आजची नाही. मोठ्या अभंगाची पहिली तीन चरणे सहा-सहा अक्षरांची आणि चौथे चार अक्षरांचे. 'श्रीराम जय राम जय जय राम' हा त्रयोदशाक्षरी मंत्र, त्यात 'श्री' हे एकच अक्षर. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांनी ओव्या रचल्या. त्यांना कोणी अक्षर म्हणजे काय हे शिकवले होते? वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवणारेही जोडाक्षर मुकाट्याने एकाच चौकोनात लिहितात.

अक्षरांशी खेळायचे म्हटले तर आपले मोरोपंत (१७२९–१७९४) कोणालाही ऐकणार नाहीत. १०८ रामायणे लिहिली त्यांनी, आणि त्यातले एक 'निरोष्ठ रामायण', म्हणजे ओठांनी उच्चारायची अक्षरे टाळून रचलेले. प, फ, ब, भ, म वर्ज्य. आता 'म'च नाही म्हटल्यावर रामाचे नाव कसे घेणार? सगळे रामायण सांगायचे आणि 'राम' म्हणायचे नाही! (आमच्या पुसदलाही तिथे थारा मिळाला नसता.) त्यापुढे पाच चौकटींचे काय घेऊन बसलात!

मराठीला एक जास्तीचा नियम मात्र लागेल. अक्षर तेच पण काना-मात्रा वेगळी असेल तर काय करायचे? मी अर्धा गुण देते. उत्तर 'यवतमाळ' आहे आणि तुम्ही 'अमरावती' म्हणालात असे धरा. 'व' आहे, जागा चुकली. 'म' आणि 'ती' यांना अर्धा-अर्धा, कारण उत्तरात 'मा' आणि 'त' आहेत. 'अ' आणि 'रा' गेले. एवढ्यावर नातीने यवतमाळ ओळखले, आणि मग 'आता मी घालते' म्हणून मलाच बसवले.

माझे शिक्षक मित्रमैत्रिणींना सांगणे आहे की हे वर्गात करा. संगणक नको, फळा आणि खडू पुरे. बाराखडी, जोडाक्षर, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ हे सगळे त्यात आपोआप येते, आणि 'वि'ला दीर्घ करणाऱ्याचा अर्धा गुण कापला की तो पुन्हा चुकत नाही. सुरुवात आपल्या जिल्ह्यापासून करावी. यवतमाळ जिल्ह्याचे १६ तालुके, त्यातले तीन अक्षरी पाच: पुसद, दिग्रस, दारव्हा, घाटंजी, कळंब. 'स' असलेले दोनच. कळंबमधला अनुस्वार वेगळा मोजायचा का, असे कोणी तरी विचारेलच. झरी-जामणी हा एक शब्द धरायचा की दोन, यावरून तर वर्गात भांडण होईल. होऊ द्यावे.