काठ सपाट करण्याआधी खालचा दगड बघा

उन्हाळा लागला की प्रवराकाठी जेसीबी, पोकलेन सुरू होतात. ओघळी बुजवायच्या, काठ सपाट करायचा, वीस-तीस गुंठे वाढवून ऊस लावायचा. जमीन कुणाला नकोय? पण बकेटमधून काय चाललंय ते कुणी बघत नाही, म्हणून हे लिहितोय.

नेवासा म्हटलं की ज्ञानेश्वरी आणि पैसचा खांब आठवतो. पण ह. धी. सांकलिया यांनी 1954 ते 56 मध्ये इथं खोदलं, तेव्हा माणसाचा मुक्काम त्याच्या कितीतरी आधीचा निघाला. काठाच्या उभ्या कापात खालच्या गोट्यांच्या थरात काळ्या दगडाच्या मोठ्या हातकुऱ्हाडी, वरच्या थरात चर्ट-जास्परच्या लहान तासण्या. या लहान हत्यारांच्या परंपरेला 'नेवासियन' नाव पडलं ते आपल्याच गावावरून. पुढे 1966 पासून जवळच्या चिरकी नाल्यावर गुड्रुन कॉर्व्हिनस यांनी खोदकाम केलं. तिथंही हातकुऱ्हाडी आणि फरशा ढिगाने मिळाल्या.

आता हे शेतकऱ्याने का वाचायचं? कारण तो काप म्हणजे आपल्याच रानाचा माती परीक्षण अहवाल आहे, लाखो वर्षांचा. मोठे गोटे वाहून आणायला पाण्याला जोर लागतो. बारीक पोयटा बसतो तो संथ पाण्यात. म्हणजे नदीने आधी गोटे टाकले, वर पोयटा भरला, आणि नंतर आपलीच भर कापत खाली गेली. म्हणून आज काठ एवढे उंच आणि ओघळी एवढ्या खोल. मधे चुनखडीचे खडे दिसतात ना? पाऊस कमी, ऊन जास्त, पाणी उडून चुना मागे राहिला. तोच चुना वर आला की उसावर केवडा पडतो. सपाटीकरणात चांगली माती खाली आणि चुनखडी वर, असं झालेली रानं मी बरीच बघितलीत. तिथं मग कितीही फेरस सल्फेट मारा.

माझं मत स्पष्ट आहे. ओघळ म्हणजे खराब जमीन नव्हे, नदीचं अजून चालू असलेलं काम आहे. भुसभुशीत भराव टाकून ते थांबत नाही, पहिल्या दणक्याच्या पावसात आतून पोकळ होऊन खचतो. त्यापेक्षा ओघळीच्या शेंड्याला येणारं पाणी बांध घालून वळवा, उतारावर गवत धरू द्या. आणि गोट्यांचा थर वाळू-खडीवाल्याला विकू नका. एकदा तो गेला की हत्यारंही गेली आणि काठाचा पायाही.

लोक घाबरतात की दगड सापडला असं सांगितलं तर सरकार जमीन घेईल. नुसत्या दगडाने सातबारा बदलत नाही हो.

ओळखायचं कसं? नदीचा गोटा सगळीकडून गुळगुळीत असतो. हातकुऱ्हाड बदामाच्या आकाराची, दोन्ही बाजूंनी कपच्या काढलेली, कडेला धार. फरशीला टोक नसतं, आडवी रुंद धार असते. पाण्यात लोळून कडा बोथट झालेल्या असतात, पण कपच्यांचे खळगे हाताला लागतात. असा दगड थरात दिसला तर उपटू नका. शेजारी पट्टी नाहीतर खुरपं ठेवून फोटो काढा, गट नंबर आणि काठाच्या वरून किती फूट खाली ते लिहा, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. मशीन तेवढं दोन दिवस दुसऱ्या बाजूला चालवा.