शिकवायला निघालेला विद्यार्थी

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला जपानचा मेइजी कालखंड चालू होता. सरांनी सांगितलेली पुस्तके वाचता वाचता त्या काळात जपानात जाऊन राहिलेल्या परदेशी माणसांविषयीही थोडे वाचायला मिळाले. व्यापारी, इंजिनिअर, प्राध्यापक, पाद्री असे नाना तऱ्हेचे लोक त्यांत होते. पण मन अडकले ते आल्मा टेलर या नावापाशी. कारण साधे आहे. १२ ऑगस्ट १९०१ रोजी हा मुलगा योकोहामा बंदरात उतरला, तेव्हा त्याला एकोणीस वर्षे पूर्ण होऊन जेमतेम अकरा दिवस झाले होते. आज माझेही वय एकोणीसच आहे.

टेलर अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचा. ज्याला जग मॉर्मन म्हणून ओळखते त्या ख्रिस्ती पंथाचा तो मिशनरी होता. हा पंथ १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन झाला. तरुणांनी काही काळ घर सोडून धर्मप्रचाराला जावे, ही त्यातील जुनी चाल आजही टिकून आहे. २०१२ पर्यंत मुलांसाठी हे वय एकोणीस होते, आता ते अठरा आहे. मुलगे दोन वर्षांसाठी जातात. कोठे जायचे ते वरून ठरते. सोबत एक जोडीदार असतो, तोही स्वतः निवडायचा नसतो. एका भागात थोडा जम बसला की दुसऱ्या भागात बदली होते. पुन्हा नवी खोली, नवा जोडीदार, नवे रस्ते, आणि पुन्हा तीच बंद दारे. घरी दर आठवड्याला फोन करण्याची मुभा त्यांना २०१९ मध्ये मिळाली. त्यापूर्वी वर्षातून दोनदाच घरच्यांचा आवाज कानी पडे.

टेलरच्या नशिबी तेवढेही नव्हते. कॅनडातील व्हँकूवर बंदरातून निघालेल्या जहाजाने तो जपानला पोहोचला. सोबत तिघे होते. प्रमुख हीबर ग्रँट चव्वेचाळीस वर्षांचे. लुई केल्श आणि होरेस एन्साइन हे दोघेही टेलरपेक्षा वयाने मोठे. चौघांपैकी एकालाही जपानी भाषा येत नव्हती. आजच्या मुलांना निघण्यापूर्वी काही आठवडे तरी भाषा शिकवतात. या चौघांना तसे काहीच शिकवलेले नव्हते. पंथाचे जपानातील हे पहिलेच पाऊल होते, त्यामुळे तेथे ओळखीचे दारही नव्हते.

त्यांचे पहिले दिवस कसे गेले असतील? योकोहामाचे बंदर १८५९ मध्ये परदेशी व्यापाराला खुले झाले होते. १९०१ पर्यंत तेथे गोऱ्यांची मोठी वस्ती, त्यांची हॉटेले आणि वर्तमानपत्रे होती. आपल्यासारख्यांची वस्ती पाहून या चौघांना धीर आला असेल. पण गंमत अशी की पहिला नकार त्यांना जपानी माणसाकडून मिळालाच नाही. एका पाश्चात्त्य माणसाच्या खानावळीत ते राहायला जागा मागायला गेले. हे मॉर्मन आहेत असे कळताच त्याने जागा नाकारली. पंथाने बहुपत्नीत्वाची चाल बंद करत असल्याचे १८९० मध्येच जाहीर केले होते, पण बदनामी काही त्यांचा पिच्छा सोडत नव्हती. शेवटी चौघांना महागड्या हॉटेलात उतरावे लागले. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर उलटसुलट मजकूर येऊ लागला. १ सप्टेंबरला, रविवारी, शहराबाहेरच्या एका झाडीत जाऊन त्यांनी आपल्या कार्याच्या आरंभाची प्रार्थना केली. त्यांचे बोल ऐकायला त्या झाडीत त्यांच्याखेरीज कोणीही नव्हते.

हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जगाला सांगण्यासारखे आपल्यापाशी काही आहे, अशी ज्याची ठाम समजूत आहे तो मुलगा सात समुद्र ओलांडून येतो, आणि येथे आल्यावर त्याला पिण्यासाठी पाणीही मागता येत नाही! घरी तो बोलका असेल, हुशार असेल. येथे तीन वर्षांचे जपानी पोरही त्याच्यापेक्षा शहाणे. आणि भाषा तरी कशी? अक्षरमाला दोन, त्यांच्या जोडीला हजारो चित्रलिपीची चिन्हे. शिवाय मानमरातबाप्रमाणे क्रियापदच बदलते. साधे ‘खाणे’ घ्या. सर्वसाधारण बोलण्यात ‘ताबेरु’, समोरच्या आदरणीय व्यक्तीने खाल्ले तर ‘मेशिआगारु’, आणि आपण नम्रपणे स्वतःविषयी बोलत असू तर ‘इतादाकु’. आपल्या मराठीतही ‘जेव’, ‘जेवा’, ‘जेवावे’ असा भेद आहे, म्हणून आपल्याला त्याची कल्पना करता येते. समोरच्याचे स्थान कोणते आणि आपले कोणते, हे कळल्यावाचून त्या भाषेत धड घासही खाता येत नाही. तेव्हा सारे जग आपल्या मताचे करायला निघालेल्या माणसाला आपले स्थान ओळखायला लावणारी याहून चांगली शाळा कोणती?

येथे माझा एक आक्षेप नोंदवून ठेवतो, नाहीतर मी धर्मप्रचाराची तरफदारी करतो आहे असा कोणाचा समज व्हायचा. एकोणिसाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या आयुष्याचे काय कळलेले असते, की त्याने दुसऱ्याच्या दारात जाऊन ‘तुमची वाट चुकली’ असे सांगावे? ज्या देशात बुद्धाचा धर्म हजाराहून अधिक वर्षे नांदत होता, तेथे त्या मुलाने विचारण्यासारखे प्रश्न शेकड्यांनी होते. तो मात्र घरून उत्तर घेऊन आला होता.

याच सुमारास आपल्याकडचा एक तरुण उलट्या दिशेने प्रवास करत होता. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी बुद्धाचा धर्म जाणून घेण्याच्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असे फिरत ते १९०२ मध्ये सिलोनला पोहोचले आणि विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ पाली शिकू लागले. त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात हा सगळा प्रवास सांगितला आहे. टेलर सांगायला गेला, कोसंबी विचारायला गेले. माझे मन अर्थातच कोसंबींकडे झुकते. प्रश्न घेऊन परदेशी जाणारा माणूस मला उत्तर घेऊन जाणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

पण एवढ्यावर थांबलो तर टेलरवर अन्याय होईल. कारण पुढे जे घडले ते विचार करायला लावणारे आहे. ग्रँट दोन वर्षांनी स्वदेशी परतले. टेलर राहिला. एक नाही, दोन नाही, आठ वर्षांहून अधिक काळ राहिला. गोऱ्यांच्या हॉटेलातून उठून तो जपानी पद्धतीच्या मुक्कामात राहायला गेला, कारण भाषा माणसांत शिकावी लागते हे त्याला उमगले. १९०४ मध्ये त्याने आपल्या धर्मग्रंथाचे जपानी भाषांतर हाती घेतले. आधी ते बोलीच्या वळणाने केले. पण धर्मग्रंथाला त्या काळच्या विद्वानांची ग्रंथभाषाच हवी असे ठरले, आणि झालेले काम नव्याने करावे लागले. जपानी साहित्यिकांच्या हातून मजकूर तपासून घेतला. इकुता चोको हे त्यांपैकी एक. १९०९ मध्ये पुस्तक निघाले आणि पुढच्या वर्षी टेलर घरी परतला. एकोणिसाव्या वर्षी गेलेला मुलगा सत्तावीस वर्षांचा होऊन आला.

धर्मप्रचाराच्या हिशेबात हा सारा खटाटोप जवळजवळ वायाच गेला. १९२४ मध्ये पंथाने जपानमधील काम बंद केले, तोवर तेवीस वर्षांत बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या दोनशेच्या आतच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, ते काम पुन्हा सुरू झाले. १९५७ मध्ये टेलरच्या भाषांतराच्या जागी एका जपानी माणसाने केलेले भाषांतर आले. म्हणजे ज्या घरात त्याला शिरायचे होते, तेथल्या माणसांनी ते काम स्वतःच्या हाती घेतले. मला यात त्याचा पराभव दिसत नाही. आपल्याकडेही असे एक थोर उदाहरण आहे. इंग्लंडचे फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. त्यांच्या धर्माशी ज्यांचे काही देणेघेणे नाही असे लोकही आज ते मराठीचे धन म्हणून अभ्यासतात. शिकवायला आलेला माणूस किती शिकला, तेवढेच शेवटी मागे उरते.

वाचकमित्रहो, एवढ्या दूरच्या मिशनऱ्याची कथा मी आपल्या वार्षिकात का सांगत बसलो, असे तुम्ही विचाराल. सांगतो. मला ती परक्याची कथा वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही सात दिवस एका खेड्यात होतो. छातीवर बिल्ला, हातात फलक. मला स्वच्छतेवर बोलायचे होते. देवळाच्या पारावर पंधरावीस बाया जमल्या होत्या. मी भाषण पाठ केले होते. ‘दूषित जलामुळे उद्भवणाऱ्या व्याधींचे निर्मूलन’ असे काहीतरी मी म्हणत असताना पुढे बसलेल्या एका म्हातारीने शेजारणीला विचारले, “काय म्हंतुया गं ह्यो?”

तिला काय सांगायचे ते मला ठाऊक होते, आणि ते तिच्या भाषेत सांगता येणे मला सहज शक्य होते. ती माझीच भाषा. माझी आई तीच बोलते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. अठरा वर्षे मी त्याच बोलीत हसलो, रडलो, भांडलो. पण माझ्या मागे सर उभे होते, शहरातील मित्रमैत्रिणी उभ्या होत्या. मी तेच वाक्य पुन्हा उच्चारले, त्याच शब्दांत, फक्त जास्त मोठ्याने. म्हातारी उठून गेली. संध्याकाळी शिबिराच्या वहीत ‘ग्रामस्थांचा उत्तम प्रतिसाद’ अशी नोंद झाली. ती मीच लिहिली.

टेलरला जपानी येत नव्हती म्हणून तो मुका होता. मला येत असलेली भाषा मी गिळून बसलो होतो. परका कोण?

याहून वाईट गोष्ट घरी घडली. कॉलेजात आल्यापासून मी आईचे बोलणे सुधारू लागलो होतो. “आई, ‘व्हतं’ नाही, ‘होतं’ म्हणावं. ‘न्हाई’ नाही, ‘नाही’.” मला तेव्हा वाटे, मी तिला पुढे नेतो आहे. स्नेहसंमेलनाला ती आली. मित्रांनी प्रेमाने तिची विचारपूस केली. ती सगळ्यांकडे पाहून नुसती मान हलवत राहिली. सहसा गप्प न बसणारी बाई! एस. टी. स्टँडवर तिला सोडायला गेलो तेव्हा मी विचारले, “बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “माझ्या बोलण्यानं तुला खाली बघाया लागू नये, म्हून गप ऱ्हायले.”

मी दोन वर्षांत एकाही माणसाचे मत बदलू शकलो नाही, पण माझ्या आईला मात्र मुकी केली. एकोणिसाव्या वर्षीच्या माझ्या मिशनचे फलित हे असे आहे.

म्हणून माझे मत मी स्पष्टपणे मांडतो. आपल्या शिबिरांना माझा विरोध नाही. स्वच्छता सांगावी, शिक्षण सांगावे, सांगण्यासारखे पुष्कळ आहे. प्रमाण मराठीशीही माझे वैर नाही. हा लेख मी तिच्यातच लिहितो आहे आणि ती शिकायला मला कष्ट पडले आहेत. पण सात दिवसांपैकी पहिले काही दिवस आपण भाषणच करू नये. बिल्ला खिशात ठेवावा. गावात राहावे, ऐकावे, त्या माणसांचे शब्द टिपावेत. एक परका पोरगा आठ वर्षे काढतो, आणि आपण आपल्याच माणसांसाठी दोन-तीन दिवसही गप्प बसू शकत नाही काय? प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे की शिबिराच्या वहीत ‘आम्ही काय शिकवले’ याच्या शेजारी ‘आम्ही काय शिकलो’ असा एक रकाना काढावा. त्यात काही लिहायला नसेल तर तो कोराच राहू द्यावा. कोऱ्या रकान्याचीही थोडी लाज वाटेल.

दिवाळीच्या सुटीत मी घरी एक वही नेली होती. आई कामात असताना तिच्या तोंडचे शब्द लिहून घेत होतो. पहिल्या दिवशी ती लाजली, दुसऱ्या दिवशी रागावली, तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगू लागली. ‘घात’ हा शब्द मला शहरात विश्वासघातापुरताच ठाऊक झाला होता. पाऊस पडून गेल्यावर रानाला पेरणीजोगी ओल येते, तिलाही ‘घात’ म्हणतात, हे लहानपणी शंभर वेळा ऐकूनही मी विसरून गेलो होतो. “घात आली की थांबू न्हाई,” आई म्हणाली, आणि माझ्याकडे पाहून क्षणभर थबकली. मी चूक काढीन असे तिला वाटले असावे.

मी काढली नाही. वहीत तसेच लिहून घेतले.

(द्वितीय वर्ष, कला)