निमंत्रण वाचतंय कोण?

साप्ताहिक सदर : पासवर्ड विसरलात?

सगळी कॅलेंडरं पाहणे, त्यांत बदल करणे, ती इतरांना देणे आणि कायमची पुसून टाकणे. एवढे अधिकार कोणाला हवे आहेत? दोन माणसांच्या गुरुवार-शुक्रवारातून एक मोकळा तास शोधून देणाऱ्या एआय असिस्टंटला. या आठवड्यात सदरलेखकाच्या पडद्यावर हे परवानगीपत्र उघडलं. खाली निळं बटण होतंच, आणि ते मुकाट्याने दाबलं जाईल असं गृहीतही धरलेलं होतं. असिस्टंट कोणत्या कंपनीचा, हे सांगण्यात अर्थ नाही. वाक्य तिचं नव्हेच. गूगल कॅलेंडरची पूर्ण परवानगी जो मागतो त्याच्या पानावर गूगल हेच वाक्य छापतं.

यातली खरी मेख ‘सगळी’ या शब्दात नाही, पुढच्या तपशिलात आहे: तुम्हाला उघडता येतील ती सगळी कॅलेंडरं. म्हणजे बायकोने विश्वासाने शेअर केलेलं, ऑफिसच्या टीमचं, सोसायटीच्या हॉलच्या बुकिंगचंही. सही एकाची आणि कागद सगळ्यांचे. या परवानगीपत्रांमागे ओऑथ २.० ही पद्धत आहे. तिचा मसुदा २०१२ मध्ये पक्का झाला तोच मुळी कामापुरता, बेताचा अधिकार देता यावा म्हणून. गूगलच्या यादीत बेताच्या परवानग्या आहेतही. नुसतं वाचण्याची आहे. त्याहून लहान, फक्त ‘या वेळेत माणूस मोकळा की अडकलेला’ एवढंच सांगणारीही आहे. मोकळा तास शोधायला तेवढी पुरते. तरी मागताना मात्र अख्खं घर मागायचं, हा रिवाज. असो; या सदराचं हे रडगाणं वाचकांना पाठ आहे.

या निमित्ताने आठवण झाली ती एमी इन्ग्रामची.

न्यूयॉर्कमध्ये २०१४ साली एक्स डॉट एआय नावाची कंपनी निघाली. डेनिस मॉर्टेन्सन तिचे एक संस्थापक. तिची असिस्टंट ही एमी. आडनावाचं आद्याक्षर मुद्दाम असं घेतलेलं की जोडून ‘एआय’ व्हावं. तुम्ही तुमचं कॅलेंडर तिला जोडायचं, कोणाला भेटायचं त्याला मेल लिहायचा आणि सीसीमध्ये एमीला ठेवायचं. मग मंगळवार चालेल का, अकरा की साडेअकरा, कुठल्या कॅफेत, ही सगळी घासाघीस एमी समोरच्याशी करायची. बऱ्याच लोकांनी तिला माणूस समजून आभाराचे मेल पाठवले. २०१६ मध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली, की अशा असिस्टंटच्या आड खरोखर माणसं बसलेली आहेत. ‘ट्रेनर’ म्हणवणारी ही तरुण मंडळी दिवसभर परक्यांचे मेल वाचत. वार कोणता, वेळ कोणती, ठिकाण कोणतं हे यंत्राने बरोबर ओळखलं की नाही ते तपासत. गहजब झाला. यंत्र म्हणून विकता आणि आत माणसं कोंबता? २०२१ मध्ये बिझाबो या कंपनीने एक्स डॉट एआय विकत घेतली आणि एमी बंद पडली. ‘एक्स डॉट एआय’ हा वेबपत्ता आज इलॉन मस्क यांच्या कंपनीच्या दारावर लागलेला आहे.

मग आला ऑगस्ट २०२५. तेल अवीव विद्यापीठ, टेक्निऑन आणि सेफब्रीच या सुरक्षा कंपनीतले बेन नास्सी, स्टाव्ह कोहेन आणि ओर याइर यांनी एक शोधनिबंध जाहीर केला. त्याचं नाव ‘इन्व्हिटेशन इज ऑल यू नीड’. एआयच्या क्षेत्रात गाजलेल्या २०१७ च्या निबंधाच्या नावावरून केलेली कोटी. त्यांनी केलं एवढंच, की गूगल कॅलेंडरचं एक निमंत्रण पाठवलं आणि त्याच्या शीर्षकातच असिस्टंटसाठी हुकूम लिहून ठेवला. घरमालकाने गूगलच्या जेमिनी या असिस्टंटला विचारलं, या आठवड्यात माझं काय-काय आहे? जेमिनीने कॅलेंडर वाचलं, त्याबरोबर हुकूमही वाचला. पुढे मालक ‘थँक्स’ म्हणाला, आणि त्या शब्दावर घरातले दिवे बंद झाले, खिडक्यांच्या झडपा उघडल्या, बॉयलर चालू झाला. पासवर्ड चोरला नाही, लिंकवर क्लिक करवून घेतलं नाही. आभार मानल्याची ही शिक्षा.

हेच निमंत्रण २०१६ मध्ये एमीकडे गेलं असतं तर? ट्रेनरच्या टेबलावर आलं असतं. ‘बॉयलर चालू कर’ यात वार नाही, वेळ नाही, कॅफे तर नाहीच. त्या पोराने ते शेजारच्याला दाखवून हसून घेतलं असतं आणि पुढचा मेल उघडला असता. शिवाय एमीला बॉयलर नव्हताच. मेल लिहिणं आणि कॅलेंडरात नोंद करणं, एवढ्यावर तिचे हात संपत. ज्या माणसाला लोकांनी फसवणूक म्हणून हिणवलं तोच त्या व्यवस्थेतला पहारेकरी होता, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. तो गेला, आणि त्याच्या जागी जे आलं त्याला हसू येत नाही.

जेमिनीमागच्या भाषेच्या मॉडेलला मालकाचा प्रश्न आणि परक्याने लिहिलेलं शीर्षक, दोन्ही एकाच मजकुरातून मिळतात. यातलं ऐकायचं कोणतं आणि नुसतं वाचायचं कोणतं, याची सीमा त्याला खात्रीने आखता येत नाही. सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये परक्याच्या मजकुरातून हुकूम घुसवण्याच्या या प्रकाराला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिलं. पुढे जून २०२५ मध्ये त्यांनी तीन गोष्टी एकत्र आल्या की घात होतो असं बजावलं: खासगी माहिती, परक्याचा मजकूर आणि बाहेर काही पाठवण्याची सोय. लोक ई-मेल जोडायला बिचकतात आणि कॅलेंडर म्हणजे काय, नुसत्या तारखा, असं म्हणून ते जोडून मोकळे होतात. पण कॅलेंडरात तिन्ही आहेत. डॉक्टरची वेळ आहे ती खासगी माहिती. अनोळखी माणसाचं निमंत्रण हा परक्याचा मजकूर. आणि आपण कोणालाही धाडू शकतो ते निमंत्रण, त्याच्या तपशिलाच्या रकान्यात वाटेल ते भरून, ही बाहेर जायची वाट. १९९८ मध्ये लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन यांनी आयकॅलेंडरचं मानक लिहिलं, ते वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांना एकमेकांची निमंत्रणं कळावीत म्हणूनच. त्याच वाटेने २०१९ मध्ये लोकांच्या कॅलेंडरांत फुकटच्या आयफोनच्या नोंदी उगवल्या होत्या, हे विसरायला नको.

बॉयलर चालू करणाऱ्या त्या संशोधकांनी गूगलला निबंधाच्या आधीच, फेब्रुवारीत, कळवलं होतं. गूगलने उपाय केले. नाजूक कृती करण्याआधी मालकाची संमती विचारणं हा त्यातला एक. म्हणजे तपासणारा माणूस परत आणला. फरक इतकाच की एमीच्या ट्रेनरला पगार मिळत होता, आणि हे काम आता आपण फुकट करायचं.

तिथीचा विषय निघालाच आहे तर... खरं म्हणजे निघालेला नाही, पण या सदरात तो निघतोच. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ. ‘दरवर्षी याच दिवशी’ हा आयकॅलेंडरचा मूळ नियम इंग्रजी तारखांवर चालतो. चिनी, हिब्रू अशा कॅलेंडरांची सोय करणारी पुरवणी २०१५ मध्ये आली. आजोबांचं श्राद्ध भाद्रपद वद्य पंचमीला दरवर्षी लाव, हे मात्र अजून आपणच पंचांग उघडून लावायचं. ज्याला अधिक महिना उमगत नाही त्याच्या हाती बॉयलर देऊ नये, असं या सदराचं ठाम मत आहे. पुरावा मागू नये.

तरीही ज्यांना असिस्टंट हवाच आहे त्यांनी एक करावं. गूगलचं वेगळं, रिकामं खातं उघडावं. मूळ कॅलेंडर त्या खात्याशी शेअर करावं, पण ‘फक्त मोकळा/व्यग्र’ हा पर्याय निवडून. असिस्टंट जोडायचा तो या नव्या खात्याला. त्याला मोकळा तास सापडतो आणि तिथूनच तो मूळ खात्याला निमंत्रणही धाडू शकतो. मूळ कॅलेंडरातल्या परक्याच्या नोंदीचं शीर्षक काहीही असो, असिस्टंटला तिथे ‘व्यग्र’ एवढंच दिसतं. मूळ खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन, ओळखीच्या माणसाचं असेल तेव्हाच निमंत्रण आपोआप नोंदवावं, असंही करून ठेवावं. मग ‘तुम्हाला उघडता येतील ती सगळी कॅलेंडरं’ मागणारं ते पान खुशाल येऊ दे. त्या खात्याला उघडता येण्याजोगं फारसं काही नसतं.

— नोंदकार