अनुभव : निरंक

दिवाळीला घरी आलेल्या पदवीधर पोराला पाहुणे फराळाच्या ताटावर एकच विचारतात, “लागला का मग कुठं?” पोरगा चकलीकडे बघत बसतो आणि आई “फॉर्म भरलाय” म्हणून वेळ मारून नेते. जालना जिल्ह्यात जाफराबादपासून परतूरपर्यंत यंदाही घरोघरी हेच चालू असेल.

जरा हिशेब मांडू. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. एका खुर्चीमागे सव्वादोनशेच्या आसपास उमेदवार! राहिलेले सगळे काही बिनकामाचे नव्हेत, जागाच तेवढ्या होत्या. पण अभ्यासिकेत चौथे वर्ष काढणाऱ्याला हे पटत नाही. खोट आपल्यातच आहे, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. मग कुणीतरी त्याला व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात धाडतो. तिथे टाळ्या वाजवून ‘मी करू शकतो’ म्हणवून घेतात. आत्मविश्वास जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतो.

‘हे मला जमेल’ हा भरवसा कुठून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये केली. स्वतः काही तडीस नेल्याने तो सर्वांत पक्का होतो. आपल्यासारख्याच कुणाला जमलेले पाहूनही येतो, पण तितका नाही. कोरड्या धीराच्या शब्दांवर तर तो फारच थोडा तगतो. बदनापूर तालुक्यातल्या शेलगावच्या रिक्षाचालकाचे चिरंजीव अन्सार शेख एकविसाव्या वर्षी यूपीएससी उत्तीर्ण झाले. मुलांनी हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावेच. पण ती कमाई त्यांची. आपल्या खात्यावर काय जमा आहे?

वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या एका मुलीचा बायोडाटा आमच्याकडे तपासायला आला होता. छंद : वाचन. अनुभव : निरंक. सुट्टीत काय करतेस, असे विचारल्यावर म्हणाली, “काही नाही, शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जाते.” मिरचीची उद्या उमलणारी कळी संध्याकाळी ओळखायची, चिमट्याने तिचे पुंकेसर अलगद काढायचे, सकाळी नराचे पराग लावायचे आणि खुणेचा दोरा बांधायचा. चुकून बऱ्याच कळ्या आपोआप फळल्या, तर शुद्धतेच्या चाचणीत अख्खा लॉट नापास होऊ शकतो. बारा-पंधरा बायांवर देखरेख हीच करते, हजेरीची वहीही हिच्याकडेच. आणि म्हणे काही नाही!

हे कुठे, तर 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जिथे ‘महिको’ उभी केली आणि त्या कामासाठी 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळवला, त्या जालन्यात. ‘जालना सोने का पालना’ म्हणून आपण छाती फुगवतो. बियाणे, लोखंडी सळई, मोसंबी, रेशीमकोष असे सगळे दारात असताना कलाशाखेचा मुलगा तीन वर्षांत एकदाही मोंढ्यातल्या अडत्याचा जमाखर्च बघत नाही, हे कॉलेजांना खटकायला नको? रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या जालन्यातल्या परिसरात कारखान्यातला काळही अभ्यासक्रमात धरलेला आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणाने साध्या पदवीलाही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले. मामाच्या दुकानाचा शिक्का मारून त्याचे प्रमाणपत्र आणायची वाटही पोरांनी शोधली. पोरांना काय बोल लावायचा? सह्या करणारे मोठेच असतात.

म्हणून या दिवाळी अंकात ‘यशोगाथा’ नाहीत. सळईच्या भट्टीवर रात्रपाळी केलेला, मोसंबीचा बहर ठोक्यात देताना व्यापाऱ्याशी घासाघीस केलेली, चावडीवर लोकांचे अर्ज लिहून देणारा अशा विशीतल्या मुलामुलींनी आपापल्या कामाबद्दल लिहिले आहे. शुद्धलेखन आम्ही तपासले, बाकी मजकूर त्यांचाच. जाहिरातदारांनी हे लेख वाचले आणि कुणाला बोलावून घेतले तर पत्ते कार्यालयात आहेत. आणि हो, त्या मुलीने बायोडाटा नव्याने लिहिला. एका बियाणे कंपनीतली मुलाखत दिवाळीनंतर आहे.